शुक्रवारचा रंग

जखमा करणं हा माझा धंदा आहे. हसू नका, खरंच सांगतेय. सिनेमात कुणाचं डोकं फुटलं, कुणाची पाठ सोलली, कुणाचा हात भाजला, की ते माझ्या हातचं असतं. रक्त मी साखरेच्या पाकात रंग घालून करते, त्यामुळे उन्हात त्याला मुंग्या लागतात. सोळा वर्षं हेच करतेय आणि चांगलं करते, माझ्याच तोंडाने सांगते. दुसरं सांगायचं म्हणजे माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात त्या रागाचा वाटा आहे.

आमच्याकडे येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा आला. दिग्दर्शकाने साठ नट बघितले आणि साठही नापास केले. कुणी फार देखणा, कुणी फार शहाणा, कुणाच्या चेहऱ्यावर आपण देव होणार याचा आनंदच मावेना. त्याच दिवशी मी चष्मा घरी विसरले आणि माझा धाकटा भाऊ तो द्यायला स्टुडिओत आला. धाकटा म्हणजे तेहतीस वर्षांचा घोडा, पण लहानपणी दुधाचं पातेलं चाटूनपुसून साफ करायचा म्हणून आमच्या घरात तो बोक्याच राहिला. काम फ्रीज दुरुस्तीचं. चष्मा देऊन मुकाट्याने घरी जावं की नाही? तर तिथला बंद पडलेला पाण्याचा कूलर दिसला, म्हणून गुडघे टेकून त्याला कान लावून बसला. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत होता. दिग्दर्शक दारात उभा राहून बघत होता. तो मला म्हणाला की इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूसच मी शोधत होतो. मी म्हटलं, अहो, तो कूलरचं ऐकतोय. पण तोवर उशीर झाला होता.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. येशूची सगळी गोष्ट तिने शांतपणे ऐकून घेतली, त्याच्या आईचं पुढे काय झालं तेही विचारलं, आणि मग म्हणाली की माणसाने खोटंखोटं मरायचंसुद्धा सोंग घेऊ नये. आमचे बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि बोक्या चार. आम्हाला मावशीकडे नेऊन ठेवलं होतं. परत आलो तोवर बाबांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. त्यानंतर आईने दोघांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यामुळे तिची भीती मला कळत होती. पण मला भावाचं कौतुक वाटत होतं, आणि खरं सांगू का, मिरवायचंही होतं. मी आईला म्हटलं, "मी आहे ना तिथे. रंग लावायलासुद्धा दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या अंगाला लागणार नाही." मग तिने नाइलाजाने हो म्हटलं आणि बोक्याच्या पिशवीत आपली करडी शाल कोंबली. सकाळचं शूटिंग उघड्यावर असतं हे तिने कुठूनतरी ऐकलं होतं.

बोक्याने बारा किलो वजन कमी केलं. दाढी खोटी होती, ती रोज सकाळी दाढीवाले काका चिकटवायचे. काकांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, पण हात असा की एकेक केस मागून बघितला तरी उगवलेला वाटावा. चेहरा आणि जखमा माझ्याकडे. येशूचा शेवटचा आठवडा उलटसुलट क्रमाने चित्रित व्हायचा होता, म्हणून मी रंगांच्या बाटल्यांना वारांचीच नावं दिली होती. रविवारच्या बाटलीत उन्हात रापलेला चेहरा, गुरुवारच्या बाटलीत जागरणाचा, आणि शुक्रवारच्या बाटलीत क्रूसावरचा, म्हणजे राखाडी कातडी आणि निळसर ओठ. हा शुक्रवारचा रंग जमवायला मला तीन आठवडे लागले होते. शिवाय एक वही होती. कुठली जखम कुठे, किती लांब, कालची आज किती सुकली, सगळं त्यात फोटो चिकटवून लिहायचं, नाहीतर पडद्यावर एका दृश्यात डाव्या गालावरचा ओरखडा दुसऱ्यात उजवीकडे जातो आणि लोक आमच्या नावाने खडे फोडतात.

ती वही आज माझ्याकडेच आहे. तिच्यात काय काय लिहिलंय ते मला पाठ आहे.

तिसऱ्या आठवड्यात लिहिलंय, "पाय सुजलेले, सँडलचे पट्टे सैल करून घेणे." चप्पल घट्ट असणार असं मला वाटलं. कपडेवाल्याला मी दोन शब्द सुनावले आणि पट्टे सैल करून घेतले. चौथ्या आठवड्यात लिहिलंय, "चेहरा आपोआप फिकट, गुरुवारचा रंग निम्माच लागतो." त्यापुढे मी बरोबरची खूण केली आहे, माझा वेळ वाचला म्हणून. रंगपटाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बोक्या वर आला की खुर्चीत बसून बराच वेळ धापा टाकायचा. ते वहीत नाही, कारण त्याचं काही चिकटवायचं नव्हतं. "ताई, दम लागतो गं," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, दोन जिन्यांत दम लागला तर तो क्रूस काय मी उचलू? तो हसला. दिग्दर्शक येता-जाता त्याच्याकडे बघून खूश व्हायचा. दिवसेंदिवस किती खरा दिसतोय, आहे असाच राहा म्हणायचा. सगळेच म्हणायचे. मीही म्हटलं.

क्रूसाचं काम चार दिवस होतं, शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. तुम्हाला वाटत असेल तसं काही कठीण नसतं ते. क्रूसाला मागून एक छोटी बैठक असते, पायाखाली फळी असते, हातांना पट्टे. दर दहा मिनिटांनी माणसाला खाली उतरवतात. खिळे रबराचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जरा उशिरा पोचले तर काकांनी दाढी लावून झाल्यावर माझी बाटली उघडून बोक्याचे ओठ रंगवून ठेवले होते. माझा वेळ वाचावा एवढाच त्यांचा हेतू. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस माणसांसमोर मी त्यांना बोलले. माझ्या रंगाला हात लावायचा नाही, आपली दाढी सांभाळा, उद्या तुमच्या दाढीचे केस मी कापले तर चालेल का, असं बरंच काही. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही. काकांनी ब्रश पुसून खाली ठेवला आणि, बरं, यापुढे हात लावणार नाही, एवढंच म्हणाले. दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोक्याने दोघांमध्ये समेट करायचा प्रयत्न केला. मी त्यालाही गप्प केलं.

चौथा दिवस, शेवटचा. सकाळचे साडेसहा. खाणीच्या कडेला तंबू ठोकला होता, त्यात आरसा, आरशाभोवती दिवे. मी आत आले तेव्हा काका दाढी लावून बाहेर पडत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे नाही. बोक्या खुर्चीत मान मागे टाकून बसला होता. मी काट्यांचे ओरखडे काढायला घेतले.

"ताई," तो म्हणाला, "मला आज जरा..."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "ओठ हलतात."

तो गप्प बसला. लहानपणापासून माझं ऐकायची त्याला सवय होती.

गालांवरचं झालं आणि मी ओठांकडे वळले, तर ते आधीच रंगवलेले. निळसर, कडेला राखाडी, मधे किंचित जांभळट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल एवढं बोलूनही म्हाताऱ्याने पुन्हा हात लावलाच. आता बाहेर जाऊन बोलले तर तमाशा होणार, पुसून नव्याने करायला वेळ नाही. आणि खरी गोष्ट वेगळीच होती, ती आज सांगते. मला मत्सर वाटला. ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं. तीन आठवडे बाटल्या ढवळून मला जे साधलं नव्हतं ते तिथे होतं. मी त्याचा हात उचलून बघितला तर नखांच्या मुळाशीसुद्धा तोच रंग. नखांचं तर मला सुचलंही नव्हतं. मनात म्हटलं, म्हातारा हाडाचा कलावंत आहे, पण तोंडावर कधी सांगणार नाही. शुक्रवारची बाटली मी उघडलीच नाही. वहीत लिहिलं, "ओठ, नखं, आजचे उत्तम. असेच ठेवणे."

त्याला थंडी वाजत होती. मी आईची शाल त्याच्या खांद्यावर घातली आणि पुढच्या कामाला लागले.

दुपारपर्यंत काम झालं. शेवटच्या दृश्यात त्याने मान खाली टाकली आणि सगळी खाण चिडीचूप झाली. दिव्यांची माणसं सहसा रडत नाहीत, ती रडत होती. दिग्दर्शकाने थांबा म्हटलं. मग त्याला खाली उतरवलं, तेव्हा तो आपल्या पायांनी चालत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्याचा भार मला जास्त वाटला. दमला असेल म्हटलं. छत्रीखाली खुर्ची ठेवली होती, तिच्यात बसवलं, शाल घातली. जेवायला काय आणू विचारलं तर त्याने नको म्हणून मान हलवली. मी जेवायला गेले.

अर्धा तास तो तिथे बसून होता. येणारे-जाणारे बघत होते. कपाळावर रक्त, राखाडी चेहरा, निळे ओठ, मान कलती. ते सगळं माझं काम होतं ना, मग कुणाला काय वाटणार? दुसऱ्या कुठल्याही माणसाला त्या अवस्थेत बघून लोक धावले असते. एकाने तर त्याच्याशेजारी उभं राहून मोबाइलवर आपला फोटो काढून घेतला.

जेवून आल्यावर मी वहीसाठीचे फोटो घेतले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, हात, पाय. तो झोपलाय म्हणून मी हळूच हनुवटीखाली बोट घालून मान सरळ केली. फोटो चांगले आले. मग उठवायला गालावर चापटी मारली. दुसरी मारली. मग मी ओरडले असेन, कारण लोक पळत आले. मला माझा आवाज आठवत नाही.

दवाखाना वीस मिनिटांवर होता. तिथल्या डॉक्टरला आधी काही कळेना, तो जखमाच बघत राहिला. मी ओरडून सांगितलं की त्या खोट्या आहेत, त्या सोडा. मग त्याने छातीला नळी लावली आणि थोड्या वेळाने काढून घेतली. नंतर त्याने मला बसवून विचारलं की दम लागत होता का. मी म्हटलं, हो. पाय सुजत होते का? हो. चेहरा फिकट? हो. घरात कुणाला हृदयाचं काही? बाबा अचानक गेले, एवढंच मला माहीत होतं. ओठ कधीपासून असे आहेत, तो म्हणाला. मी म्हटलं, ओठांना रंग लावलाय. सकाळी आणला असता तर, असं काहीतरी तो पुटपुटला आणि उठून गेला.

नर्स म्हणाली की आईला बोलवायच्या आधी तोंड स्वच्छ करून घ्या. ते तर माझंच काम होतं. मी तेल आणि कापूस घेतला. कपाळावरच्या काट्यांच्या खुणा गेल्या, गालावरचा ओरखडा गेला, पाक पाण्याने निघाला. खालून बोक्याचं तोंड बाहेर आलं, लहानपणचा गालावरचा तीळ बाहेर आला. शेवटी ओठ. मी कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. दुसरा घेतला, जोराने घासला. तोही पांढरा. मी घासतच होते. आमच्या मागोमाग दवाखान्यात आलेल्या काकांनी मागून माझा हात धरला.

"तुम्ही लावलात ना?" मी विचारलं. "काका, सकाळी तुम्हीच लावलात ना?"

"नाही गं," ते म्हणाले. "तू बजावलं होतंस. मी आत आलो तेव्हा रंग होताच. मला वाटलं, तू आधीच येऊन लावलास."

एरवी आम्ही दोघं पाच मिनिटं गप्प बसत नाही. त्या एका सकाळी दोघांपैकी कुणी एक अक्षर बोललं असतं तर माझा भाऊ आज फ्रीज दुरुस्त करत असता.

आईला मी सांगितलं की तो झोपेत गेला. दमला होता, खुर्चीत बसला, झोपला, संपलं. कुणाला आधी काही जाणवायचा प्रश्नच नव्हता. आईने दोनदा विचारलं, त्याने काही म्हटलं होतं का? मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मला आज जरा, हे त्याचे शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. ते वाक्य पुढे काय होतं ते मी रोज वेगवेगळं पुरं करते.

सिनेमा अडला नाही. क्रूसानंतरचं सगळं राहिलं होतं, पण मेलेला उठून आलेला दाखवायला माणूसच नव्हता. मग दिग्दर्शकाने रिकामी कबर दाखवली आणि लांब पाठमोरं कुणीतरी चालताना. वर्षभराने सिनेमा लागला. लोकांनी डोक्यावर घेतला. क्रूसावरच्या चेहऱ्याचं तर एवढं कौतुक झालं की मला दोन नवी कामं आली. मी दोन्ही नाकारली.

आई म्हणाली, मला बघायचाय. मी हजार कारणं सांगितली. प्रकृती, गर्दी, तुला झेपणार नाही. एक दिवस दुपारी चप्पल घालून दारात उभी राहिली. माझी घाबरगुंडी उडाली ती तिच्या रडण्याच्या भीतीने नाही. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याचे ओठ दिसणार होते. बाकीच्या जगाला फसवता येतं, पण जिने त्याला न्हाऊमाखू घातलं तिला कसं फसवणार?

दुपारचा खेळ, थिएटर अर्धं रिकामं. तो पडद्यावर आला तशी आईने माझा हात धरला. पहिला अर्धा भाग ती चक्क हसत बघत होती. तो मुलांशी बोलायचा, आंधळ्याचं ऐकून घ्यायचा, तेव्हा म्हणाली, फ्रीजला कान लावायचा तसाच लावतोय मेला. मग फटक्यांचं दृश्य आलं. तिने माझा हात दाबला.

"हे खोटं ना?"

"खोटं, आई. मी केलंय."

काट्यांचा मुकुट आला. हे? प्लॅस्टिकचा आहे, रक्त पाकाचं. खिळे आले. रबराचे आहेत आई, मागे बसायला बैठक आहे. प्रत्येक वेळी ती सुटकेचा श्वास टाकायची. एकेक जखम मी तिला खोटी करून देत होते आणि ती घेत होती.

मग चेहरा आला. नुसता चेहरा, भिंतीएवढा. तिसऱ्या दिवसाचा नव्हे, चौथ्या दिवसाचा. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं.

आई हळूच म्हणाली, "ओठ पण तूच रंगवलेस?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

तिने मान डोलावली. तिची नजर पडद्यावरच होती.

"तुझ्या बाबांचे शेवटच्या सकाळी असेच झाले होते," ती म्हणाली. "अगदी असेच. मला वाटलं, थंडी वाजतेय. पांघरूण घातलं आणि कामाला लागले. तीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही मी."

पडद्यावर त्याने मान खाली टाकली. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

"आई," मी म्हटलं, "मी शाल घातली होती. सकाळी. आणि कामाला लागले."

तिने माझा हात सोडला नाही. कबरीचं दृश्य सुरू झालं. ते रिकामे दगड, तो मधला अंधार, सगळं तिने नीट बघितलं.

"कुठली?" तिने विचारलं. "माझी करडी?"

"हो."

"ती चांगली जाड आहे," आई म्हणाली.